शेरा

कक्ष एकशे बारा. किनवटपासून एकोणीस किलोमीटर,
त्यातले शेवटचे चार पायी.
नमुना भूखंडात झाडं त्रेसष्ट.
वही माझ्या ताब्यात आली तेव्हा तिच्यात
सव्वीस वर्षं होती, आणि एक चपटी झालेली मुंगी.

रकाने असे: क्रमांक, जात, घेर,
शेंड्याची वाळ शंभरात किती,
कीड, वणवा, कुऱ्हाड,
आणि उजव्या कडेला बोटभर जागा. शेरा.

दर कार्तिकात जातो आम्ही.
लिंबाजी कनाके टेप धरतात, मी लिहिते.
घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा.
कोणाच्या छातीच्या, ते परिपत्रकात आहे:
एक मीटर सदतीस.
भूखंडात मात्र ती उंची म्हणजे
लिंबाजींच्या सदऱ्याचं दुसरं बटण,
पहिल्या वर्षापासून.

भादव्यात अळी येऊन गेलेली असते.
सागाच्या पानाच्या शिरा तेवढ्या शाबूत,
मधलं हिरवं गेलेलं.
डोळ्यापुढं धरलं तर पलीकडचा डोंगर दिसतो पानातून.
रकान्यात मी लिहिते: कीड, होय.

धावडा एक्केचाळीस. वाळ दहा, मग पंचवीस, औंदा चाळीस.
लिंबाजी कोयत्याच्या पाठीनं ठोकतात,
कान लावतात, पुन्हा ठोकतात, जरा खाली.
"आतून पोकळ बोलायलंय बगा."
आवाजाला रकाना नाही.

तेहतीस नंबर खुंट आहे. नऊ वर्षांपूर्वी रात्रीत नेला.
तरी तिथं थांबावं लागतं.
जागा रिकामी सोडायची नाही, शून्य लिहायचं.
खुंटाला फुटवे आलेत, मनगटाएवढे.
त्यांना क्रमांक द्यायचा की नाही
हे मी वर विचारलंय. उत्तर यायचंय.

आणि साग, क्रमांक आठ.
नव्वद, ब्याण्णव, शहाण्णव, शंभर,
मग एकशे चार. एकशे चार. एकशे चार.
सहा वर्षं.
लाल शाईत कुणा साहेबांनी विचारलेलं: झाड वाढत का नाही?
माझ्या आधीच्या गार्डनं खाली लिहिलेलं:
झाड निरोगी आहे. कारण कळत नाही.

गेल्या साली पोलादी टेप आली.
जुनी कापडी टेप तिच्याशेजारी खडकावर अंथरली
तर जुनी पाच मीटरला चार बोटं लांब.
ओढून ओढून सैल झालेली.
म्हणजे झाडही वाढत होतं, टेपही.

मग मला शंका आली. म्हटलं, लिंबाजी, जरा उभे राहा,
नेहमीसारखे.
बुंध्याला टेकून ते उभे राहिले, पायात चप्पल,
आणि मी जमिनीपासून बटणापर्यंत मोजलं.
एक मीटर एकोणतीस.

बुंधा खाली जाड असतो.
टेप झाडाचं वाढणं खात होती,
लिंबाजींचं वाकणं त्यातलं थोडं परत देत होतं,
आणि वही दोघांवरही विश्वास ठेवून
सरळ रेघांत बसलेली.

एक मीटर सदतीसवर पांढरं कडं ओढायला
तीन दिवस लागले.
खुंट सोडून बासष्ट कडी.
आता बटण कड्याखाली पडतं. लिंबाजी
दर झाडापाशी एकदा बटणाकडे बघतात,
मग टेप वर सरकवतात, काही न बोलता.

जुने आकडे मी खोडले नाहीत.
शेवटच्या पानावर, रकान्यांच्या खाली, एक ओळ वाढवली:
चौसष्ट. लिंबाजी कनाके. एकशे एकोणतीस.

त्यांना वाचता येत नाही, पण आपलं नाव ओळखतात.
बराच वेळ बोट ठेवून बघत होते.
मग म्हणाले,
"वाळ किती लिवली मॅडम?"